थायरॉइडमुळे येणारा विसराळूपणा आणि उदासी
ओळखीच्या माणसाचे नावही ऐन वेळी आठवत नाही, हे आपले म्हणणे ऐकून मला या आजाराचे माझे पहिले वर्ष आठवले. गॅस बंद केला की नाही हे पाहायला मी तीन-तीनदा स्वयंपाकघरात जात असे. हा आळस नव्हे आणि आपली बुद्धीही गेलेली नाही. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक (हार्मोन) कमी पडले की विचारांचा वेगच मंदावतो. ही कमतरता भरून काढणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, न्याहारी अर्ध्या ते एक तासाने करावी आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या आणि ही गोळी यांत 4 तासांचे अंतर ठेवावे. मात्रा बदलल्यावर टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) रक्तात किती आहे हे 6 ते 8 आठवड्यांनी तपासतात, कारण ते स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. मन कधीकधी त्याहूनही सावकाश सावरते, म्हणून कृपा करून मध्येच गोळी सोडू नका. मी सात कप्प्यांची डबी उशाशी ठेवली, आणि त्या दिवसाचा कप्पा रिकामा दिसला की शंका उरत नसे. टीएसएच नीट येऊनही उदासी हटली नाही, तर जीवनसत्त्व बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासून घेण्याविषयी व नैराश्याच्या स्वतंत्र उपचारांविषयी डॉक्टरांशी बोला. जगणेच नकोसे वाटू लागले, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच क्षणी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा.