रिमोट टेक एजन्सीतलं वातावरण आतून कसं आहे, हे ऑफर स्वीकारण्याआधी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की ऑफर हातात आहे, मुलाखत छान झाली, पण आजी-माजी कर्मचाऱ्यांचे रिव्ह्यू एकतर पाच तारे नाहीतर एक. एजन्सीच्या बाबतीत हे नेहमीचंच, आणि बऱ्याचदा दोन्ही बाजू खरं बोलत असतात. तिथलं रोजचं जगणं कंपनीपेक्षा तुमच्या वाट्याला आलेला क्लायंट आणि प्रोजेक्ट मॅनेजर ठरवतो. त्यामुळे ताऱ्यांची सरासरी सोडा. तारखा बघा (एकाच आठवड्यात सात-आठ गोड रिव्ह्यू आले असतील तर ते मागून घेतल्याचा संशय घ्यायला हरकत नाही) आणि तीन ताऱ्यांवाले नीट वाचा. ज्यांत टाइमशीट (कामाच्या तासांची नोंद), बिलेबल (क्लायंटकडून ज्याचे पैसे घेता येतात असे तास), बेंच (प्रोजेक्ट नसताना रिकामं बसणं) हे शब्द येतात ते सगळ्यात आधी. कारण एजन्सी क्लायंटला तुमचे तास विकते.

हिशोब करून बघा. महिन्याचे २२ दिवस, रोज ८ तास, म्हणजे १७६ तास. युटिलायझेशनचं (एकूण तासांपैकी किती बिलेबल, त्याचं) टार्गेट ७५ टक्के असेल तर १३२ तास क्लायंटच्या नावावर लागले पाहिजेत. उरलेले ४४, म्हणजे रोजचे २ तास, अंतर्गत मीटिंग, एस्टिमेट (कामाला किती तास लागतील याचा अंदाज), शिकणं यात जातात. हे झेपतं. आता तुम्ही ४ दिवस सुट्टी घेतली. टार्गेट १८ दिवसांवर मोजलं तर ते १०८ तासांवर येतं. काही ठिकाणी मात्र १३२ चं १३२ च राहतं: रोज ७ तास २० मिनिटं बिलेबल, वर ते २ तास, म्हणजे दिवस ९ तास २० मिनिटांचा. ऑफर लेटरमध्ये 'अमर्याद सुट्टी' असूनही ती कुणी घेत का नाही, ते यात आहे. म्हणून 'सुट्ट्या किती?' असं विचारू नका. 'सुट्टीचे दिवस टार्गेटमधून वजा होतात का?' असं विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

दुसरी परीक्षा टाइमशीटच्या एका ओळीची. लॉगिनचा बग, एस्टिमेट २ तास, प्रत्यक्षात लागले साडेतीन. बऱ्या एजन्सीत साडेतीनच लिहायचे असतात. वरचा दीड तास क्लायंटला लावायचा की सोडून द्यायचा, ती प्रोजेक्ट मॅनेजरची डोकेदुखी. वाईट ठिकाणी मेसेज येतो, "२ च टाक." तो दीड तास तुमच्या संध्याकाळच्या वेळेतून गेला, शिवाय नोंदीत कामाला २ तासच लागले असं दिसलं. पुढचं एस्टिमेटही मग २ तासांचंच निघतं. ठरावीक रकमेच्या प्रोजेक्टवर हे जास्त होतं, कारण वाढीव तासाचे पैसे क्लायंटकडून येत नाहीत. त्यामुळे तुमचा पहिला प्रोजेक्ट फिक्स्ड प्राइस आहे की तासावर, हेही विचारून ठेवा.

कामाच्या वेळात तुमच्या स्क्रीनचे स्क्रीनशॉट घेणारा ट्रॅकर असेल तर माझं मत सरळ आहे: फ्रीलान्स तासांच्या कामाला तो एकवेळ समजू शकतो, अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या साइटवर तर ताशी कामाची नोंद १०-१० मिनिटांच्या तुकड्यांतच होते. पगारी, पूर्णवेळ माणसावर तोच लावत असतील तर विश्वास कुठे संपतो ते कळलंच. कागदावर विचार करणं, कोड वाचणं हे त्यात 'निष्क्रिय' दिसतं, मग लोक उगाच माउस हलवत बसतात.

टाइमझोनबद्दल 'फ्लेक्सिबल आहे' हे उत्तर घेऊ नका. रोज किती तास एकत्र ऑनलाइन असायचं, ते UTC मध्ये (जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत) लिहून घ्या. ३-४ तास ठीक. तीन क्लायंट तीन टाइमझोनमध्ये असतील तर तीन स्टँडअप (रोजच्या छोट्या टीम मीटिंग), आणि मधले तुकडे कामाचे नसतात.

एचआर सोडून टीममधल्या एखाद्या डेव्हलपरशी २० मिनिटं बोलू द्या म्हणावं. त्याला 'कल्चर कसं आहे' विचारलंत तर 'एकदम फॅमिलीसारखं' ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा: गेल्या सोमवारी किती क्लायंटचं काम केलंत? मागचा मोठा निर्णय कुठे लिहिलेला सापडेल? टिकेट (कामाची ऑनलाइन नोंद) किंवा डॉक्युमेंट म्हणाला तर उत्तम. 'कॉलवर ठरलं' किंवा 'डीएममध्ये (खासगी मेसेजमध्ये) आहे' म्हणाला, तर रिमोटमध्ये नवा माणूस पहिले दोन-तीन महिने आंधळी कोशिंबीर खेळतो.

कॉन्ट्रॅक्टर म्हणून घेत असतील तर सही करण्याआधी तीनच गोष्टी: प्रोजेक्ट नसताना पैसे मिळतात का, इनव्हॉइस दिल्यापासून किती दिवसांत, आणि नोटिस पीरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का.