तळ्याकाठची ती रिकामी कात कोणाची?

प्रश्न: ताई, रविवारी मुलीला घेऊन धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात गेले होते. तळ्याकाठच्या गवताला एक सुकलेला किडा चिकटलेला दिसला, सहा पाय, पाठ फाटलेली, आत काहीच नाही. लेक रडायलाच लागली, म्हणे मेला बिचारा. काय होतं ते? - एक आई, ठाणे

उत्तर: लेकीला आधी सांगा की तो मेला नाही, उडून गेलाय! ती चतुराची, म्हणजे ड्रॅगनफ्लायची, कात आहे. चतुराचं पिल्लू पाण्यातच वाढतं, कधी काही महिने, काही जातींत तर वर्षंसुद्धा, आणि डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्लं असं हाताला लागेल ते खातं, म्हणजे हाताला नाही, ओठाला, कारण त्याचा खालचा ओठ दुमडलेला असतो आणि शिकार जवळ आली की सटकन पुढे येऊन पकडतो. मोठं झालं की काडीवर चढतं, पाठ फाटते, आतून ओला मऊ चतुर निघतो. कातीवर पांढरे बारीक दोरे दिसले का? ती त्याच्या श्वासनळ्यांची अस्तरं! पुढच्या वेळी भिंग न्या. कात मात्र तिथेच राहू द्या.