पॉलिमर डांबराचा जादा खर्च वसूल होतो का?

आपल्या गावातील बाजारपेठेच्या रस्त्यासाठी साध्या व्हीजी-30 प्रतीच्या डांबराऐवजी पॉलिमरयुक्त, म्हणजे रबरासारखा पदार्थ मिसळलेले, डांबर वापरावे, असे ठेकेदार सुचवतो आणि त्यामुळे थराची किंमत सुमारे 15 टक्क्यांनी वाढते. हा जादा पैसा पुढे वसूल होतो का, असे आपण विचारले आहे. रस्त्यांच्या कामांचे गुणनियंत्रण पाहण्यात माझी बरीच वर्षे गेली. माझे उत्तर असे, की पैसा नक्की वसूल होतो, मात्र आपला रस्ता कशामुळे खराब होतो हे आधी तपासले पाहिजे.

उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग 60 अंशांपर्यंत तापतो, साधे डांबर मऊ पडते आणि बसथांबा, चढ किंवा सिग्नल अशा जागी, जिथे जड गाड्या सावकाश चालतात, तिथे चाकोऱ्या पडतात. एसबीएससारखे रबरी पॉलिमर डांबरात नीट मिसळले, की त्याची जाळी डांबराला धरून ठेवते. प्रयोगशाळेत डांबराची पट्टी 15 अंशांच्या पाण्यात 10 सेंटिमीटर ताणून मधोमध कापतात आणि तासभर तशीच ठेवतात. साध्या डांबराची टोके जवळजवळ जागीच राहतात. पॉलिमर डांबराची टोके हळूहळू मागे सरकतात आणि चांगल्या मालात 70 टक्क्यांहून अधिक ताण भरून निघतो. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी तासभर त्या टाकीजवळून हललो नव्हतो. वाहनांच्या भाराखाली थर रोज हजारो वेळा वाकतो, तेव्हा हाच गुण भेगांना उशीर लावतो.

आता हिशेब. समजा, साधा थर 100 रुपयांचा असून पाच वर्षे टिकतो, म्हणजे वर्षाला 20 रुपये पडतात. पॉलिमरचा थर 115 रुपयांचा धरला, तर तो पावणेसहा वर्षे टिकताच बरोबरी होते. सात वर्षे टिकला, तर वर्षाला साडेसोळा रुपयांच्या आतच पडतो. अवघ्या नऊ महिन्यांच्या जादा आयुष्यात पैसा फिटतो, म्हणून जड वाहतुकीच्या रस्त्यावर मी हा खर्च निःशंकपणे सुचवतो.

परंतु पाण्यापुढे पॉलिमरचे फारसे चालत नाही. गटार तुंबून खालचा मुरूम भिजला, की वरचा थर कितीही लवचिक असला तरी खचतो. पुण्याचा जंगली महाराज रस्ता 1976 साली झाला, तेव्हा पॉलिमर डांबर आपल्याकडे रुळलेले नव्हते, तरीही तो अनेक दशके खड्ड्यांविना टिकला. शिवाय हा माल जास्त गरम ठेवावा लागतो. एका कामावर डांबर-खडीचे मिश्रण बनवणारा प्लांट दूर होता, ट्रक उशिरा पोहोचले, मिश्रण निवले आणि रोलरखाली दबलेच नाही. महागडे डांबर वापरूनही पहिल्याच पावसाळ्यात खडी सुटू लागली. त्या रात्री मी ट्रक परत पाठवायला हवे होते, ही खंत अजून आहे.

म्हणून निविदेपूर्वी खराब जागी रस्ता फूटभर उकरून पाहावा. खालचा थर कोरडा आणि घट्ट लागला, तर पॉलिमर डांबर घ्यावे. प्रत्येक ट्रकचे तापमान मोजण्याची आणि ताण चाचणीची अट निविदेत लिहावी. ओल लागली, तर ते 15 टक्के आधी गटारावर खर्च करावेत.