माझी मुलगी बडोद्यात महापालिकेच्या शाळेत सातवीत आहे. तिथे शिक्षक कमी आणि मुलींचं शौचालय बंद असेल तर शिक्षण समितीला जाब कसा विचारायचा?

नगरसेवकाकडे नंतर जा. आधी शाळेत जाऊन एसएमसीची, म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीची, ठराव-वही बघायला मागा.

बडोद्यात समित्या दोन आहेत आणि पालकांचा घोळ तिथेच होतो. एसएमसी ही तुमच्या शाळेपुरती. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका लागतात. दुसरी नगर प्राथमिक शिक्षण समिती. महापालिकेच्या सगळ्या प्राथमिक शाळा ती चालवते, आपल्या मराठी माध्यमाच्यासुद्धा. अध्यक्ष आणि सभासद राजकारणातून येतात, हारतुरे त्यांना. रोजचा कारभार शासनाधिकाऱ्यांच्या, म्हणजे समितीच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या, सहीने चालतो. म्हणून अर्ज शासनाधिकाऱ्यांच्या नावे करा आणि प्रत अध्यक्षांना द्या.

सयाजीरावांनी 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड व्हायचा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने रोख सरकारकडे वळवला. कलम 9 प्रमाणे इमारत, शिक्षक, शिकवायचं साहित्य पुरवणं ही स्थानिक सत्तेची जबाबदारी. तेव्हा 'ग्रांट आली नाही' हे ऐकून घरी परतू नका.

तुमची मुलगी सातवीत आहे म्हणता. सहावी ते आठवीला दर 35 मुलांमागे एक शिक्षक हवा, शिवाय विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक. मंजूर जागांपैकी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रिकाम्या ठेवता येत नाहीत. मुलामुलींची शौचालयं वेगळी असायलाच हवीत. आणि शिक्षक आहेत पण वर्गात नाहीत, असं असेल तर त्यांना कुठे पाठवलंय ते विचारा: जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक सोडून इतर बिगर-शैक्षणिक कामाला त्यांना लावता येत नाही.

आता वहीचं. मी स्वतः एका शाळेच्या एसएमसीत होतो. तिथे बैठकीआधीच कोऱ्या पानावर मुलांच्या आयांच्या सह्या घेतलेल्या असायच्या, ठराव मागाहून वर लिहिला जायचा, आणि त्यात दरवेळी 'सर्व सुविधा संतोषकारक'. तुमच्या वहीत असं काही दिसलं तर भांडत बसू नका. पुढच्या बैठकीत शौचालयाचा ठराव तुमच्यासमोर लिहून घ्या, सही त्याच्याखाली करा आणि पानाचा मोबाईलवर फोटो काढा.

त्या ठरावाची झेरॉक्स जोडून अर्ज द्या. अर्ज गुजरातीत लिहा. मराठीतला घेतील, पण वाचणारा सापडेपर्यंत तो टेबलावर पडून राहील. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड (आवक) नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कारकून 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणेल. शिक्का मारायला साहेब लागत नाहीत.

अर्जात शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली तक्रार असल्याचं स्पष्ट लिहा. मग तुमचं म्हणणं ऐकून 3 महिन्यांत निर्णय देणं त्यांना भाग आहे. निर्णय पटला नाही तर अपील राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे करता येतं. मधल्या काळात माहिती अधिकारात तुमच्या शाळेच्या मंजूर आणि भरलेल्या जागांचा आकडा मागून ठेवा, त्याला मुदत 30 दिवसांची. तो कागद आणि इनवर्ड नंबर हातात आला की मग खुशाल नगरसेवकाकडे जा.