मेसवर जेवणाऱ्या विद्यार्थ्याने एकदाच वापरायचे प्लास्टिक कमी खर्चात कसे कमी करावे?

पुण्यात खोली घेऊन मेसवर जेवताना जादा खर्च न करता प्लास्टिक कसे टाळावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सुरुवात पार्सलपासून करावी, कारण भाजी, आमटी आणि भात यांच्या तीन पिशव्या दोन्ही वेळा घेतल्या तर महिन्याला १८० पिशव्या होतात. घरून आणलेला स्टीलचा डबा मेसमध्ये नेला की त्या सगळ्या थांबतात आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. तेथील काकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवावे, म्हणजे त्या आधीच पिशव्या भरून ठेवणार नाहीत.

टपरीवरचा कागदी कप निर्धोक वाटतो, परंतु त्यालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. म्हणून चहा काचेच्या ग्लासातच मागावा. प्लास्टिकचे चमचे, ताटल्या आणि स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे ते नाकारताना संकोच बाळगू नये. शाम्पूची पुडी कधीकधी बाटलीपेक्षा स्वस्त पडते, हे मान्य करायला हवे. मात्र अनेक थरांच्या त्या वेष्टनाचा पुनर्वापर फार अवघड असतो, म्हणून खोलीत राहणाऱ्या सगळ्यांनी मिळून मोठी बाटली घ्यावी.