खाडाखोड नसलेली वही

"मॅडम, माझा स्वभावच असा, म्हणून डोकं दुखतं का?" मी समुपदेशक; हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येतो. बहुतेक वेळा मूळ वाक्य घरच्यांचं असतं: "फार विचार करतेस, दुसरं काही नाही!"

एक बाईही हेच ऐकून माझ्याकडे आल्या होत्या. काम हिशेबतपासणीचं, महिन्यातले १८ दिवस डोकेदुखी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) डॉक्टरांनी तपासून ताणाची डोकेदुखी सांगितली होती. तपासणी झाल्याशिवाय मी पुढे जात नाही. अचानक उठलेली असह्य कळ, सोबत ताप, बोलताना अडखळणं, हातापायांतली ताकद जाणं, पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर.

त्यांना वही ठेवायला सांगितली. कधी दुखलं, तेव्हा काय चाललं होतं, गोळी घेतली का. साध्या वेदनाशामक गोळ्यासुद्धा महिन्यातून १५ दिवस नि महिनोन्‌महिने घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखत राहू शकतं.

वही आली. पट्टीनं आखलेली, दोन आठवड्यांच्या नोंदी, एकही खाडाखोड नाही.

"हे सगळं एका बैठकीत लिहिलंत?"

त्या ओशाळल्या. "आधीच्या वहीत एक शब्द खोडावा लागला. मग सगळं पुन्हा उतरवून काढलं. रात्रीचा एक वाजला."

"आणि डोकं?"

"ठणकत होतं."

त्यांचे खांदे कानांपाशी चढलेले, दातांवर दात. मी काही बोलले नाही. इतक्या वर्षांत गप्प बसणं तेवढं मला बरं जमायला लागलंय.

"म्हणजे डोकेदुखीची वही लिहिता लिहिता..." त्या स्वतःच हसल्या.

१९३०च्या दशकात हॅरॉल्ड वुल्फ या डॉक्टरांनी अर्धशिशीच्या रुग्णांचं काटेकोर, महत्त्वाकांक्षी असं चित्र रंगवलं होतं. तसा एकच ठरावीक स्वभाव पुढे काही सिद्ध झाला नाही. चिंता करणाऱ्या माणसांत डोकेदुखी जास्त दिसते, हे खरं; पण रोज डोकं दुखलं तर कुणीही धास्तावेल, चिडेल. म्हणून स्वभाव बदलायच्या भानगडीत मी पडत नाही. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेनं जाणारी. मी शोधते ती माणसानं स्वतःवर लादलेली सक्ती. मराठीत ती 'च'मध्ये लपते. बिनचूकच हवं. मलाच बघायला हवं. आजच संपायला हवं.

आठवडाभर फक्त 'च' मोजा, म्हटलं. एका दिवसात ३१ निघाले!

मग तेच वाक्य 'च' गाळून म्हणायचं: "बिनचूक झालं तर मला आवडेल." काटेकोरपणा शाबूत, मानगुटीवरचा हात तेवढा निघतो. दोनदा वाचलेला मेल तिसऱ्यांदा न उघडता पाठवायचा. आधी छातीत धडधडतं, धडधडू द्यावं. खांदे चढलेत असं लक्षात आलं की खाली सोडायचे. जेवणाच्या नि झोपेच्या वेळाही सांभाळायच्या. त्या चुकल्या की नुसत्या विचारांनी भागत नाही.

चार महिन्यांनी १८ चे ९ दिवस झाले. पूर्ण थांबेल असं मी म्हटलंही नव्हतं.

शेवटच्या वहीत एक अख्खी ओळ खोडलेली होती.

"मुद्दाम?"

"नाही हो मॅडम, चुकलं होतं," म्हणत त्यांनी वही मिटून पर्समध्ये टाकली.