पान हिरवं झालं तरी काढा नको

प्रश्न : आमच्या परड्याच्या कडेला पूर्वी बॅटरी दुरुस्तीची शेड होती. त्या जागेत मी तुळस आणि ब्राह्मी लावली आहे. पानं पिवळी पडतात, वाढ खुंटली आहे. एकाने सॅलिसिलिक आम्ल फवारायला सांगितलं. सासूबाई याच पानांचा काढा घेतात, नातवालाही देतात. झाडं सुधारतील का?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, काढा आजच थांबवा. झाडांचं मग बघू.

बॅटऱ्या उघडताना शिशाचा चुरा मातीत जातो आणि बॅटरीचं पाणी, म्हणजे गंधकाम्ल, तिथेच ओतलं जातं. आपली तांबडी माती मुळातच आम्लधर्मी. त्यात ही भर पडली की शिसं सुटं होतं आणि मुळं ते ओढून घेतात. अशाच एका जागेवरचं रोप मी उपटलं होतं. पांढऱ्या तंतूंऐवजी तपकिरी, आखूड खुंट हाताला लागले. तुमची ब्राह्मी म्हणजे गोल पानांचा कारिवणा असणार. तो जमिनीलगत सरपटतो, पेरापेराला मुळं सोडतो, पावसात त्याच्या पानांवर माती उडते. म्हणून तुळशीपेक्षा मला त्याची धास्ती जास्त वाटते.

सॅलिसिलिक आम्ल झाड स्वतःही बनवतं. फवारलं तर ताण सोसायला मदत होते, हे खरं. पण आत गेलेलं शिसं त्याने नाहीसं होत नाही. पानं पिवळी पडली म्हणून तुम्ही मला पत्र लिहिलंत. हिरवीगार असती तर काढा चालूच राहिला असता.

इलाज मातीवर करा. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप) तपासा, कमी असेल तर शेतीचा चुना घालून ६.५ ते ७ पर्यंत आणा. कुजलेलं शेणखत भरपूर घाला, सोबत हाडांचं खत. त्यातलं फॉस्फेट शिशाला बांधून ठेवतं. झाडं तग धरतील, पण शिसं जमिनीतच राहील. औषधी वनस्पतींसाठी शिशाची मर्यादा वाळलेल्या मालात किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. पानं प्रयोगशाळेत तपासून अहवाल त्याच्या आत आला, तरी नातवाला ती पानं मी देणार नाही. लहान मुलांच्या मेंदूला थोडं शिसंही बाधतं. त्याला डॉक्टरांकडे नेऊन रक्तातलं शिसं तपासून घ्या, सासूबाईंचंही.

रोपं उपटलीत, तर ती खतखड्ड्यात टाकू नका, जाळूही नका. नवा कारिवणा शेडच्या जागेपासून लांब, स्वच्छ माती भरलेल्या कुंडीत लावा. शेजारणीकडून मुळं फुटलेला एखादा पेर आणलात तरी पावसाळ्यात तो लगेच जीव धरतो.